‘हाताला वेगळा सर्जन कशाला?’

हाताची शस्त्रक्रिया ही अस्थिरोग, प्लास्टिक सर्जरी आणि सूक्ष्मशस्त्रक्रिया यांच्या बांधावर वाढलेली स्वतंत्र शाखा आहे. एका हातात २७ हाडे असतात. त्यांच्यावरून सरकणाऱ्या कंडरा, जेमतेम एक मिलिमीटर रुंदीच्या रक्तवाहिन्या, स्पर्श वाहून नेणारे मज्जातंतू आणि शरीरात इतरत्र सहसा न सापडणारी तळहाताची जाड, चिवट कातडी हे सगळे बोटाएवढ्या जागेत दाटीने बसलेले असते. एमएस किंवा डीएनबी झालेला अस्थिरोगतज्ज्ञ, अथवा एमसीएच झालेला प्लास्टिक सर्जन, पदवीनंतर केवळ हातावर काम शिकण्यासाठी जो काळ देतो त्याला हाताच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप म्हणतात. या प्रशिक्षणाबद्दल काही मते वैद्यकीय वर्तुळात घट्ट बसलेली आहेत. हाडांचा डॉक्टर असताना हाताला वेगळा सर्जन कशाला, हे पहिले. असे सर्जन मुंबईत आहेत, उपनगरात त्यांचे काय काम, हे दुसरे. फेलोशिप ओळखीपाळखीने मिळते आणि हाती येणाऱ्या कागदाला किंमत नसते, हे तिसरे. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या पट्ट्याचा विचार केला तर यातले एकही मत टिकत नाही.

पहिल्या मताची परीक्षा एका साध्या जखमेवर करता येते. विळीवर, काचेवर किंवा मांज्याने बोट तळव्याच्या बाजूने कापले जाते. जखम दोन सेंटिमीटरची, रक्त थोडेसेच. रुग्ण सांगतो, ‘नस कापली.’ बोलीभाषेत कंडरा, मज्जातंतू आणि रक्तवाहिनी या तिघींनाही नसच म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कॅज्युअल्टीत रक्त थांबवले जाते, कातडीला चार टाके पडतात, पट्टी बांधून रुग्ण घरी जातो. दहा दिवसांनी टाके निघतात तेव्हा ध्यानात येते, की बोट वाकत नाही आणि त्याच्या एका बाजूला स्पर्शही कळत नाही. तोवर कापलेल्या कंडरेचे वरचे टोक तळहातात मागे सरकलेले असते. तीन-चार आठवडे उलटले की स्नायू आखडतो, कंडरेची वाट बुजू लागते आणि एका शस्त्रक्रियेत सुटला असता तो प्रश्न दोन-दोन शस्त्रक्रियांवर जातो.

तळहाताच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा हा भाग शल्यचिकित्सेत दुसरा विभाग म्हणून ओळखला जातो. तिथे दोन कंडरा एकाच अरुंद नळीतून एकीवर एक अशा धावतात. अमेरिकी सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले. तिथे ताबडतोब कंडरा जोडायला जाऊ नये, जखम भरू द्यावी आणि नंतर दुसरीकडची कंडरा आणून बसवावी, असा त्या काळचा दंडक होता. १९६० च्या दशकात लुईव्हिलच्या हॅरॉल्ड क्लायनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोडून दाखवला. कंडरा तीच होती आणि बोटही तेच होते. बदलली ती टाका घालण्याची रीत, आणि त्याहून जास्त बदलली शस्त्रक्रियेनंतरची देखभाल. जोडलेली कंडरा स्वस्थ ठेवली तर ती भोवतालच्या नळीला चिकटते, फार हलवली तर तुटते. म्हणून पहिल्या काही दिवसांतच खास स्प्लिंट घालून बोट मोजून-मापून हलवायचे असते. स्प्लिंट साधारण सहा आठवडे चालतो आणि पूर्ण जोर लावण्याची मुभा सुमारे बारा आठवड्यांनी मिळते. कोणत्या रुग्णाला कोणत्या दिवशी किती हालचाल द्यायची, हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. कुणाच्या तरी देखरेखीखाली शंभर बोटे पाहावी लागतात.

यावर अस्थिरोगतज्ज्ञांचे म्हणणे असे, की एमएसच्या तीन वर्षांत हातही शिकवला जातो. शिकवला जातो हे खरे. पण त्याच तीन वर्षांत खुबा, गुडघा, मणका, मांडीचे हाड आणि लहान मुलांची वाकडी पावलेही शिकवली जातात. मोठ्या सरकारी रुग्णालयात अपघातांचा लोंढा इतका असतो, की निवासी डॉक्टरचे दिवस मांडीत नळी आणि पायात प्लेट बसवण्यात जातात. बोटातली बारीक धमनी सूक्ष्मदर्शकाखाली १०-० नायलॉनच्या धाग्याने जोडण्याचा सराव त्या वेळापत्रकात मावत नाही. प्लास्टिक सर्जनची अडचण नेमकी उलटी असते. त्याला सूक्ष्मदर्शक आणि कातडीचे रोपण येते, मात्र मनगटाच्या लहान हाडांशी त्याचा संबंध कमी आलेला असतो. नावेच्या आकाराच्या स्कॅफॉइड हाडाला रक्त पुढच्या टोकाकडून मागे येते. त्यामुळे मधेच मोडल्यास मागचा तुकडा उपाशी राहतो आणि हाड जुळतच नाही. पहिल्या एक्स-रेमध्ये ती मोड दिसेलच याची खात्री नसते. मुरगळले म्हणून सोडून दिलेले मनगट काही वर्षांनी झिजते आणि ऐन कमावत्या वयात दुखू लागते. दोन्ही शाखांत जे अर्धे-अर्धे सुटते, ते एका माणसाच्या हातात आणून देणे हेच फेलोशिपचे प्रयोजन आहे. यात कोणाचा कमीपणा नाही.

ही शाखा जन्मली तीच मुळी गरजेतून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने जखमी हातांसाठी वेगळी केंद्रे उघडली आणि बनेल त्यांना मार्गदर्शन करत हिंडले. अमेरिकेतील हाताच्या सर्जनांची संघटना १९४६ मध्ये स्थापन झाली ती त्यातूनच. भारतात ती गरज कुष्ठरोगाने निर्माण केली. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या बोटांसाठी कंडरा बदलून बसवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी त्याच रुग्णांसाठी प्लास्टिक सर्जरी राबवली. युद्ध संपले, कुष्ठरोग पुष्कळ आटोक्यात आला, आणि या कौशल्याची तिसरी गरज कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली.

इथे दुसऱ्या मताला, म्हणजे ‘हे मुंबईत असावे’ याला, उत्तर मिळते. ठाकुर्ली हे रेल्वेच्या चोळा पॉवर हाऊसने ओळखले गेलेले गाव. एका बाजूला डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला कल्याण, पलीकडे उल्हासनगरचे छोटे कारखाने आणि भिवंडीचे यंत्रमाग. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी डोंबिवलीच्या एमआयडीसीत भीषण स्फोट झाले आणि त्यांची बातमी देशभर गेली. पॉवर प्रेसखाली गेलेल्या बोटाची बातमी होत नाही. पत्र्याच्या कामात एक हात पत्रा सरकवतो आणि पाय पेडलवर असतो. पाळीच्या शेवटच्या तासाला हात आणि पाय यांचा मेळ क्षणभर चुकतो. यंत्राला अडसर बसवलेला असेल तर निभावते, काम लवकर उरकावे म्हणून तो काढून ठेवलेला असेल तर डाय खाली येतो. ही जखम कापलेली नसते, चिरडलेली असते. हाड, कंडरा, धमनी, कातडी एकदमच जातात. कोणती ऊती जगेल आणि कोणती काढून टाकावी, हा निर्णय पहिल्या शस्त्रक्रियेतच घ्यावा लागतो. तो चुकला तर पुढच्या कोणत्याही शस्त्रक्रियेने पूर्णपणे भरून निघत नाही.

अशा रुग्णाला पट्टी बांधून पुढे कळवा, शीव किंवा परळला धाडण्याची वहिवाट आहे. ठाकुर्लीपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ५० किलोमीटर आहे, आणि ठाकुर्लीला धीम्या गाड्याच थांबतात. रस्त्याने जावे तर शीळफाटा आणि मुंब्रा वळणरस्ता पार करावा लागतो. तुटलेला अवयव जोडायचा तर घड्याळ महत्त्वाचे. बोटात स्नायू नसतात, त्यामुळे तुटलेले बोट थंड ठेवले तर बराच वेळ तग धरते. नेहमीच्या तापमानाला ही मुदत सुमारे १२ तास आणि थंड ठेवल्यास २४ तासांपर्यंत मानतात. मनगटाच्या वरून तुटलेल्या हातात स्नायू असतात, तिथे थंड न ठेवता साधारण ६ तासांच्या आत रक्तपुरवठा सुरू व्हावा लागतो. तुटलेला अंगठा १९६५ मध्ये जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तामाई यांनी यशस्वीपणे जोडला, त्याला साठ वर्षे झाली. विद्या उपलब्ध आहे, अडते ते अंतरावर आणि माणसांच्या संख्येवर. मुंबईतील केंद्रांवरचा भार हलका व्हायचा असेल तर त्या केंद्रांत शिकलेली माणसे लोहमार्गाच्या या टोकाला येऊन राहिली पाहिजेत.

बोटाची किंमत काय, हे कायद्याने फार पूर्वी लिहून ठेवले आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता किती घटते याचे तक्ते दिले होते. पूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. त्याच परिशिष्टाला जोडलेली टीप जास्त बोलकी होती. अवयव जागेवर असला, पण त्याचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल, तर तो अवयव गेला असेच धरावे, असे ती सांगत होती. शस्त्रक्रियेच्या भाषेत याचा अर्थ असा, की ताठ होऊन बसलेले बोट वाचवले असे म्हणता येत नाही. ‘बोट राहिले ना, मग झाले’ या समाधानाला कायद्यातही आधार नाही. प्रेसवर उभ्या राहणाऱ्या कामगाराला ताठ बोट सतत मध्ये येते, पुन्हा दुखावते, आणि पुष्कळदा तोच ते कापून टाकायची विनंती करतो.

खर्चाचा आक्षेप मात्र दमदार वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. सूक्ष्मदर्शक महाग असतो, रात्रभर चालणाऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे कामगार देऊ शकत नाही, असे सांगितले जाते. पण हाताच्या कामापैकी सूक्ष्मदर्शकाचे काम हा एक भाग आहे. कंडरा जोडणे, बोटांची मोड बसवणे, मनगटात दबलेला मज्जातंतू मोकळा करणे, भाजून आखडलेली बोटे सोडवणे यांतले बरेचसे भिंगाचा चष्मा आणि साध्या तारांवर होते. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा, दांडे आणि खिट्ट्या यांपासून बाहेरून हाड धरून ठेवणारी जी रचना तयार केली, ती त्यांच्याच नावाने ‘जेस’ म्हणून ओळखली जाते. स्वस्त, हलकी, लहान हाडांसाठी सोयीची. कमी पैशात हाताचे चांगले काम होते याचा दाखला शोधायला परदेशी जावे लागत नाही. शिवाय नोंदणीकृत कामगाराला राज्य कामगार विमा योजनेचे छत्र असते आणि उल्हासनगरला त्या योजनेचे रुग्णालय आहे. उपचाराच्या खर्चाची वाट काढता येते. कसबी हातच नसेल तर पैसे असूनही उपयोग नाही.

दोन्ही हात गमावलेल्या व्यक्तीला दुसऱ्याचे हात बसवण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम २०१५ मध्ये कोचीत झाली. घाटकोपर स्थानकात २०१४ मध्ये हात गमावलेल्या तरुणीला २०२० मध्ये परळच्या एका रुग्णालयात नवे हात मिळाले. या यशाचे मोल मोठे आहे. पण त्यावरून हाताची शस्त्रक्रिया म्हणजे असे एखादे विरळा कौतुक, अशी समजूत पसरते आणि तरुण डॉक्टरला वाटते, हे काही आपल्या गावचे काम नव्हे. रोजचे काम प्रेसखालच्या बोटाचे आणि विळीवरच्या कंडरेचे असते, आणि ते गावातच असते.

आता प्रशिक्षणाच्या वाटा. सर्वांत लांबची वाट हँड सर्जरीतील एमसीएच या तीन वर्षांच्या पदवीची. तिचा प्रवेश नीट-एसएस परीक्षेतून होतो आणि देशभरात जागा मोजक्याच आहेत. दुसरी वाट एनबीईएमएस या राष्ट्रीय मंडळाच्या हँड अँड मायक्रोसर्जरी या फेलोशिपची, म्हणजे एफएनबीची. तिचा काळ दोन वर्षे, प्रवेश फेलोशिप एन्ट्रन्स टेस्ट म्हणजे एफईटीतल्या गुणांवर, आणि शेवटी पुन्हा परीक्षा. अस्थिरोग किंवा प्लास्टिक सर्जरीची पदव्युत्तर पात्रता हा तिचा मुख्य दरवाजा. पात्रतेचे तपशील दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापतात आणि अर्ज भरण्याआधी तीच पुस्तिका ओळ-न्-ओळ वाचावी; आदल्या वर्षीच्या उमेदवाराचे ऐकून भरलेला अर्ज छाननीत अडकतो. तिसरी वाट रुग्णालयांनी आणि संघटनांनी स्वतः चालवलेल्या फेलोशिपची, काही आठवड्यांपासून एका वर्षापर्यंतची. कोइमतूरचे गंगा हॉस्पिटल, वेल्लोरचे सीएमसी ही यातली जुनी नावे. चेन्नईच्या स्टॅनली महाविद्यालयात डॉ. आर. वेंकटस्वामी यांनी उभा केलेला हाताचा विभागही या विद्येच्या माहेरघरांपैकी एक. मुंबई-पुण्यातही हाताचे जाणते सर्जन शिकाऊ डॉक्टर घेतात.

‘ओळखीशिवाय मिळत नाही’ हा आरोप पहिल्या दोन वाटांना लागूच होत नाही, कारण तिथे परीक्षेची गुणवत्ता यादी आणि समुपदेशन असते. तिसऱ्या वाटेवर शिफारसपत्रे मागतात, हे खरे. पण शिफारस आणि वशिला या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्या प्राध्यापकाने उमेदवाराला तीन वर्षे टेबलाशी उभे असताना पाहिले, त्याने त्याच्या हाताबद्दल लिहावे ही मागणी रास्त आहे. मोठ्या नावाच्या पण उमेदवाराला न ओळखणाऱ्या माणसाचे गुळगुळीत पत्र वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळते. ज्याला कोणी ओळखत नाही अशा उमेदवारालाही दार उघडे असते. त्याने अर्जाच्या आधी रजा काढून एक-दोन आठवडे त्या विभागात निरीक्षक म्हणून जावे. ओपीडीत मागे उभे राहावे, ड्रेसिंगच्या खोलीत आणि थेरपिस्टच्या टेबलाजवळ बसावे. असा उमेदवार मुलाखतीला येतो तेव्हा अनोळखी राहिलेला नसतो.

अर्जातले इतर कागद ठरलेले असतात: पदव्या, राज्य परिषदेची नोंदणी, कामाची वही, उद्देशपत्र, असतील तर शोधनिबंध. यात वहीला सर्वाधिक वजन आहे आणि तिथेच सर्वाधिक घोटाळे होतात. मदतनीस म्हणून केलेली शस्त्रक्रिया, देखरेखीखाली केलेली आणि स्वतंत्रपणे केलेली यांचे तीन रकाने प्रामाणिकपणे वेगळे ठेवावेत. ज्याने चाळीस कंडरा स्वतः जोडल्या असे लिहिले, त्याला मुलाखतीत चौथ्या आठवड्याला तुटलेल्या कंडरेचे काय केले असे विचारतात, आणि उत्तर नसेल तर वही बंद होते. उद्देशपत्रात आवड आणि ध्यास यांची ग्वाही देण्यापेक्षा एका रुग्णाची हकीकत लिहावी: कोणती जखम होती, काय केले, कुठे कमी पडलो, काय शिकल्यावर ते जमले असते. रुग्णाची ओळख उघड होणार नाही याची काळजी घ्यावी. प्रशिक्षण संपल्यावर कुठे बसणार, हेही लिहावे. औद्योगिक पट्ट्यात परत जाऊन काम करणार असल्याचे ठोस सांगणारा अर्ज शिकवणाऱ्याला जवळचा वाटतो. सरकारी महाविद्यालयातून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनी बंधपत्रित सेवेचे वर्ष आणि फेलोशिपची सुरुवात यांचा मेळ आधीच घालावा. तारखा न जुळल्याने हातची जागा सोडावी लागणे, यासारखे दुःख नाही.

कागदाला किंमत नाही, या आक्षेपात तथ्याचा अंश आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. रुग्णालयाने स्वतःच दिलेले प्रमाणपत्र वैद्यक परिषदेकडे जादा पात्रता म्हणून नोंदवता येत नाही. एमसीएचचे तसे नाही, एफएनबीही राष्ट्रीय मंडळाची असते. काही ठिकाणी फेलो म्हणजे रात्रपाळीचा स्वस्त माणूस असाही हिशेब चालतो, आणि हा अन्याय आहे. वर्षभर ड्रेसिंग आणि डिस्चार्ज कार्ड यांतच गेले तर ती फेलोशिप नव्हे. त्यावर उपाय म्हणजे निवडताना डोळे उघडे ठेवणे. मागच्या दोन-तीन फेलोंना थेट विचारावे, त्यांनी स्वतःच्या हाताने काय केले, विद्यावेतन वेळेवर मिळाले का, आठवड्याला शिकवणी होते का, थेरपी विभाग आहे का. या प्रश्नांची उत्तरे टाळणारे केंद्र टाळावे. पण काही केंद्रे वाईट आहेत म्हणून प्रशिक्षणच निरुपयोगी ठरत नाही. रुग्णाचे बोट वाकते की नाही, हे प्रमाणपत्रावरच्या शिक्क्याने ठरत नाही.

परदेशातच शिकावे, हा हट्टही तपासून पाहावा. अमेरिकेत हाताची मान्यताप्राप्त फेलोशिप एका वर्षाची असते आणि जागा मॅच पद्धतीने भरतात. तिथली निवासी पदवी नसलेल्याला ती वाट जवळजवळ बंद आहे. लुईव्हिलसारखी काही केंद्रे परदेशी डॉक्टरांना वेगळ्या जागा देतात. ब्रिटनमध्ये मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्हखाली जास्तीत जास्त २४ महिने काम करता येते, त्याआधी जीएमसी या तिथल्या वैद्यक परिषदेची नोंदणी आणि इंग्रजीची परीक्षा लागते. तैवानचे चांग गुंग सूक्ष्मशस्त्रक्रियेसाठी जगप्रसिद्ध आहे. या सगळ्यांचा लाभ आहेच. पण चिरडलेल्या हातांची जी संख्या कोइमतूर किंवा मुंबईत पाहायला मिळते, ती श्रीमंत देशांतील बहुतेक विभागांत मिळत नाही, आणि ठाकुर्लीत बसणाऱ्या सर्जनला तीच जखम रोज भेटणार आहे. आधी देशात वर्षभर, मग गरज पडली तर विशिष्ट तंत्रासाठी काही महिने बाहेर, हा क्रम जास्त शहाणपणाचा.

परत आल्यावर पहिली गरज सूक्ष्मदर्शकाची नसते, थेरपिस्टची असते. व्यवसायोपचाराचे आशियातले पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले, म्हणजे स्प्लिंट बनवणाऱ्या हातांची परंपराही याच महानगरातली. दवाखान्यात गरम पाण्याचे भांडे, प्लास्टिकची पातळ पत्री, कात्री आणि शिकलेला थेरपिस्ट असला तर शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी बोट हलू लागते. दुसरे काम कारखान्यांत जाऊन करायचे, अपघात झाल्यास काय करावे हे शिकवण्याचे. तुटलेले बोट स्वच्छ, ओल्या गॉजमध्ये गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये, बर्फाने ऊती गोठते आणि जोडण्याजोगी राहत नाही. जखमेवर हळद, चुना, भुकटी काही लावू नये, दाबून पट्टी बांधून हात उंच धरावा. ही सूचना प्रत्येक प्रेसच्या शेजारच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत, मराठी आणि हिंदीत लावावी, आणि खाली जवळच्या हाताच्या सर्जनचा फोन नंबर असावा.